नमदा शिजवणे

लोकर न कातता, न विणता, केवळ ओल, उष्णता, साबण आणि घर्षण यांच्या जोरावर घट्ट जमवून केलेले जाड कापड म्हणजे नमदा. मराठीत त्याला बुरणूस असा जुना शब्द आहे. तुर्कस्तानात नमद्याला ‘केचे’ म्हणतात. तिथल्या कोन्या, अफ्योनकाराहिसार, शानलिउर्फा या शहरांतील कारागीर नमद्याचे शेवटचे काम पूर्वापार हमामात, म्हणजे गरम वाफेच्या स्नानगृहात, करत आले आहेत. या टप्प्याला ते ‘पिशिर्मे’ म्हणतात. त्याचा अर्थच शिजवणे.

हमामाआधी बरेच काम झालेले असते. आपल्याकडचे पिंजारी कापूस पिंजायला वापरत तसल्याच कमानीने लोकर पिंजतात, चटईवर थरांनी पसरतात, वर गरम पाणी शिंपडतात आणि चटईची घट्ट गुंडाळी दोरीने बांधून ती पायांनी तुडवत लोळवतात. गुंडाळी सोडल्यावर हाती येते ते अजून लेचेपेचे असते. चिमटीत धरून उचलले तर वरचे तंतू सुटून येतात. अशी कच्ची चादर मग हमामात नेतात.

लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात आणि त्यांची टोके शेंड्याकडे वळलेली असतात. त्यामुळे चोळताना तंतू मुळाच्या दिशेने पुढे सरकतो. उलट सरकायला गेला की खवले अडतात. ओल आणि उष्णता मिळाली की तंतूतील केराटिन हे प्रथिन फुगून मऊ होते. तंतू सहज वाकतो, ताणला जातो, सोडला की आखडतो आणि शेजारच्या तंतूंत अधिकाधिक गुंतत जातो. साबणाच्या अल्कधर्मी पाण्यामुळे हे सरकणे सोपे होते. मात्र नुसत्या वाफेने नमदा होत नाही. वाफ लोकरीला तयार करते; तंतू गुंततात ते दाबण्या-चोळण्यामुळेच.

म्हणून हमामातले काम कमालीच्या कष्टाचे असते. तापलेल्या दगडी फरशीवर कारागीर गुडघ्यांवर बसून, नमद्याची गुंडाळी पुढे-मागे लोळवत, कोपरापर्यंतचे हात आणि छाती यांचा भार तिच्यावर टाकतात. मधूनमधून ती उलगडून, दिशा बदलून पुन्हा गुंडाळतात, कारण नमदा ज्या दिशेने लोळवला त्याच दिशेने जास्त आटतो. उघड्यावर ओतलेले गरम पाणी लवकर निवते. हमामात मात्र गुंडाळी तासन्‌तास आतपर्यंत ऊबदार राहते, आणि मेंढपाळांच्या ‘केपेनेक’ या बिनबाह्यांच्या जाड झग्यासाठी हेच फार मोलाचे आहे.

उष्णतेची घाई मात्र नडते. तंतू एकमेकांत धरण्याआधीच जोरात ताप आणि घर्षण दिले तर वरचा थर आवळतो आणि आतली लोकर सैल राहते. असा नमदा पुढे पापुद्र्यांनी सुटतो. त्यामुळे आधी हलक्या हाताने जमवायचे आणि मग शिजवायचे, हा क्रम मोडत नाहीत.

आकार देण्यासाठीही उष्णता लागते, पण तिथे तिचे काम वेगळे. मेव्हलेवी या सूफी पंथाच्या दरवेशांची, म्हणजे फकिरांची, ‘सिक्के’ ही उंच टोपी लाकडी साच्यावर बसवतात. ओल आणि उष्णतेने केराटिनमधील हायड्रोजन बंध, म्हणजे रेणूंना धरून ठेवणारे नाजूक दुवे, सैल होतात व लोकर साच्याचा आकार घेते. थंड होऊन वाळताना बंध पुन्हा जुळतात आणि तो आकार टिकतो. फेल्टच्या, म्हणजे नमद्याच्याच, हॅटला वाफ देऊन वळण देतात तेही याच गुणामुळे. म्हणूनच अशी टोपी भिजली तर साच्यावरच वाळवावी लागते.

अलीकडे अनेक ठिकाणी शिजवण्याचे काम वाफेच्या यंत्रांवर होते.