नाव तेच, बिऱ्हाड नवं: डोमेन नव्या होस्टिंगला जोडण्यामागचा इतिहास

संकेतस्थळ एका होस्टिंगवरून, म्हणजे ते ठेवण्याच्या भाड्याच्या जागेवरून, दुसरीकडे हलवताना जाणकार लोक डोमेनच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाच्या, नोंदींना लगेच हात लावत नाहीत. आधी ते स्वतःच्या संगणकातली ‘होस्ट्स’ नावाची छोटी मजकूर-फाइल उघडतात, तिच्यात नव्या सर्व्हरचा, म्हणजे संकेतस्थळ ठेवलेल्या यंत्राचा, आकड्यांतला आयपी पत्ता आणि त्यापुढे आपलं डोमेन अशी एक ओळ लिहितात आणि फाइल जतन करतात. त्या एका संगणकापुरतं ते नाव लगेच नव्या जागी जातं. बाकीच्या जगाला जुनंच संकेतस्थळ दिसत असतं. पानं नीट उघडतात का, चित्रं दिसतात का, फॉर्म चालतात का, हे सगळं निवांत तपासता येतं.

विंडोज, मॅक, लिनक्स, सगळीकडे ही फाइल आहे. एके काळी अख्ख्या नेटवर्कची सगळी नावं अशा एकाच फाइलमध्ये मावत होती, आणि डोमेन जोडताना आज ज्या पायऱ्या चढाव्या लागतात त्यांची सुरुवात तिथूनच होते.

१९७०च्या दशकात अमेरिकेतल्या आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावर प्रत्येक ठिकाणचे लोक इतर यंत्रांच्या नावांची आपापली यादी ठेवत. याद्या जुळत नसत. डिसेंबर १९७३ मध्ये पीटर डॉइच यांनी एकच अधिकृत यादी असावी असं सुचवलं. ती सांभाळण्याचं काम कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथल्या एसआरआय या संशोधन संस्थेतल्या माहिती केंद्राकडे आलं. एलिझाबेथ फाइनलर या केंद्राच्या प्रमुख होत्या. नवं यंत्र जोडायचं, नाव बदलायचं किंवा पत्ता बदलायचा, तर त्यांच्या केंद्राला कळवायचं. तिथली माणसं फाइलमध्ये नोंद करत आणि बाकीची यंत्रं ती फाइल उतरवून घेत. थोडक्यात, होस्ट बदलल्याची नोंद माणसाच्या हातून होई आणि ती इतरांपर्यंत पोहोचायला ते पुढची फाइल कधी उतरवतात याची वाट पाहावी लागे.

यंत्रं शेकड्यांत होती तोवर हे चाललं. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेट टीसीपी/आयपी या आजही चालणाऱ्या संवाद-नियमांवर गेलं, विद्यापीठांची आणि कचेऱ्यांची स्थानिक जाळी त्याला जोडली जाऊ लागली आणि फाइल फुगत गेली. यंत्रं वाढली की ओळी वाढत, आणि त्या ओळी उतरवून घेणारेही वाढत. त्यातच दोघांना एकच नाव हवं असे.

दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत जॉन पोस्टेल यांच्यासमोर यावर पाच निरनिराळे प्रस्ताव होते. त्यांचा मेळ घालण्याचं काम त्यांनी पॉल मॉकापेट्रिस यांना दिलं. मॉकापेट्रिस यांनी मेळ न घालता स्वतंत्र आराखडाच मांडला. नोव्हेंबर १९८३ मध्ये आरएफसी ८८२ आणि ८८३ या दोन दस्तऐवजांतून (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) तो प्रसिद्ध झाला. तीच डोमेन नेम सिस्टिम, म्हणजे डीएनएस. नोव्हेंबर १९८७ मध्ये आरएफसी १०३४ आणि १०३५ या सुधारित आवृत्त्या आल्या आणि पुढची सगळी इमारत त्यांच्यावरच उभी राहिली.

या आराखड्याचा गाभा म्हणजे जबाबदारी सोपवणं. तालुक्याच्या कचेरीला प्रत्येक घर ठाऊक नसतं. कुठल्या गावाचा तलाठी कोण, एवढं ठाऊक असलं की काम भागतं. तसंच इथे आहे. सर्वांत वरच्या रूट सर्व्हरला ‘.कॉम’ किंवा ‘.इन’ कोण सांभाळतं एवढंच माहीत असतं. ‘.कॉम’च्या सर्व्हरला तुमच्या डोमेनचे नेमसर्व्हर, म्हणजे त्याच्या नोंदी ठेवणारी यंत्रं, कोणते एवढंच माहीत असतं. संकेतस्थळ कोणत्या आयपी पत्त्यावर आहे, हे फक्त त्या नेमसर्व्हरना माहीत असतं. नाव कुणाचं आणि ते सध्या कुठे राहतं, या दोन गोष्टी जाणीवपूर्वक वेगळ्या ठेवल्या गेल्या. म्हणून तर नाव न बदलता बिऱ्हाड हलवता येतं.

डोमेन जोडण्याचे आजचे दोन्ही मार्ग यातूनच निघाले. एक, वरच्या पातळीवरची नोंद बदलून नव्या होस्टिंगचे नेमसर्व्हर लावायचे. दोन, नेमसर्व्हर तेच ठेवून त्यांच्यातली ‘ए’ नोंद बदलायची, म्हणजे फक्त आयपी पत्ता नवा. फॉर्ममध्ये किमान दोन नेमसर्व्हर मागतात, तेही जुनं आहे. एक बंद पडला तरी दुसऱ्याने उत्तर द्यावं हा मूळ आराखड्यातलाच नियम.

आता ‘२४ ते ४८ तास थांबा’ या वाक्याकडे येतो. डोमेन वळवणाऱ्या प्रत्येकाने ते ऐकलेलं असतं. बदल जगभर हळूहळू ‘पसरतो’ अशी समजूत त्यामुळे घट्ट झाली आहे, आणि ती चुकीची आहे. काहीही पसरत नाही. तुमच्या इंटरनेट सेवेचा रिसॉल्व्हर, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर, एकदा मिळालेलं उत्तर जवळ ठेवतो. किती वेळ ठेवायचं हे त्या नोंदीसोबत सेकंदांत लिहिलेलं असतं. त्याला टीटीएल म्हणतात. ती मुदत संपेपर्यंत तो जुनंच उत्तर देतो, संपली की नवं विचारायला जातो. ‘.कॉम’च्या पातळीवर नेमसर्व्हरच्या नोंदीची मुदत १,७२,८०० सेकंद आहे. भागाकार केला की बरोबर ४८ तास येतात.

दुसरं कारणही होतं. पूर्वी ‘.कॉम’ची मूळ यादी दिवसातून दोनदाच ताजी केली जाई. सकाळी केलेला बदल संध्याकाळपर्यंत बाहेरच पडत नसे. सप्टेंबर २००४ पासून तो काही मिनिटांत नोंदला जाऊ लागला. सल्ला मात्र तोच राहिला.

या थांबण्यावर तोडगा काय, तर हलवण्याच्या एक-दोन दिवस आधी टीटीएल कमी करायचा, पाच मिनिटांवर आणायचा, आणि बदल झाल्यावर पूर्ववत करायचा. आज हा तोडगा एखादी खास युक्ती असल्यासारखा सांगितला जातो. आरएफसी १०३४ उघडून पाहावं. बदल होणार हे आधी माहीत असेल तर टीटीएल आधी घटवा, नंतर वाढवा, असं मॉकापेट्रिस यांनी १९८७ मध्येच लिहून ठेवलं आहे. वेब तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं. मला या माणसाच्या दूरदृष्टीचं मनापासून कौतुक वाटतं. एक मर्यादा मात्र आहे. ‘ए’ नोंदीचा टीटीएल आपल्या हातात असतो, ‘.कॉम’च्या पातळीवरचा नसतो. त्यामुळे नेमसर्व्हरच बदलणार असाल तर जुनं होस्टिंग आणखी काही दिवस चालू ठेवणं भाग आहे.

‘नाही’ हे उत्तरही जपून ठेवलं जातं. १९९८ च्या आरएफसी २३०८ने त्याचे नियम नक्की केले. नोंद तयार करण्याआधीच ते नाव ब्राउझरमध्ये टाकून पाहिलं, तर ‘असं नाव नाही’ हे उत्तर साठून राहतं आणि नोंद केल्यावरही काही काळ तेच मिळतं. अधीर माणसाला याचा हमखास फटका बसतो.

डोमेन एका कंपनीकडे आणि होस्टिंग दुसरीकडे, ही स्थिती कशी आली? १५ मार्च १९८५ रोजी ‘सिम्बॉलिक्स डॉट कॉम’ हे पहिलं ‘.कॉम’ नाव नोंदलं गेलं, आणि त्यानंतर दहा वर्षं नोंदणी फुकट होती. १४ सप्टेंबर १९९५ पासून नेटवर्क सोल्युशन्स या कंपनीने दोन वर्षांचे १०० डॉलर घ्यायला सुरुवात केली. ‘.कॉम’साठी दुसरं दारच नव्हतं. फॉर्म ईमेलने जात, आणि पाठवणारा खरा मालक आहे का याची शहानिशा फार तोकडी होती. ‘सेक्स डॉट कॉम’ हे नाव १९९५ मध्ये एका बनावट पत्राच्या जोरावर मूळ मालकाकडून काढून घेतलं गेलं. खटला वर्षानुवर्षं चालला आणि २००३ मध्ये अमेरिकेच्या नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने डोमेन नाव ही मालमत्ता असल्याचं मान्य केलं.

सप्टेंबर १९९८ मध्ये डोमेन नावांच्या व्यवस्थेवर देखरेख करणारी आयकॅन ही संस्था स्थापन झाली. १९९९ मध्ये तिने पाच कंपन्यांना चाचणी म्हणून ‘.कॉम’ विकायची मुभा दिली आणि मक्तेदारी फुटली. मूळ यादी सांभाळणारी रजिस्ट्री वेगळी आणि ग्राहकाशी व्यवहार करणारा रजिस्ट्रार वेगळा, ही फाळणी तेव्हाची. त्यातून एक गोंधळ आला तो आजही टिकून आहे. रजिस्ट्रार बदलणं म्हणजे डोमेनचं ट्रान्सफर. त्याला कुलूप काढावं लागतं, गुप्त कोड लागतो, काही दिवस जातात. होस्टिंग बदलायला यातलं काहीच लागत नाही. नोंद बदलली की झालं. तरी ‘आधी डोमेन आमच्याकडे ट्रान्सफर करा’ असं नव्या होस्टिंगवाल्याने सांगितलं की लोक मुकाट करतात.

माझ्या ओळखीच्या एका वाचनालयाचं संकेतस्थळ हलवायचं ठरलं, तेव्हा कळलं की डोमेन वाचनालयाच्या नावावर नव्हतंच. संकेतस्थळ करून देणाऱ्याने ते स्वतःच्या ईमेलवर घेतलं होतं, आणि तो आता फोन उचलत नव्हता. पुस्तकांची यादी होती, पैसे भरलेले होते, नवं होस्टिंग तयार होतं. नोंद बदलण्याचा अधिकार तेवढा नव्हता. वर्षानुवर्षं जपलेलं नाव सोडून त्यांना नवं घ्यावं लागलं. त्या ग्रंथपालबाईंचा चेहरा मी विसरलेलो नाही.

भारताच्या ‘.इन’ची कथा मुंबईशी बांधलेली आहे. हा कोड १९८९ मध्ये भारताकडे आला आणि अनेक वर्षं त्याचा कारभार मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेने पाहिला. श्रीनिवासन रमणी तिचे प्रमुख होते. नियम कडक होते. १९९२ ते २००४ या काळात जेमतेम ७,००० नावं नोंदली गेली. ‘.इन’ची सूत्रं नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडियाकडे गेली, जानेवारी २००५ पासून नवी व्यवस्था लागू झाली आणि १६ फेब्रुवारीपासून कुणालाही थेट ‘.इन’ नाव घेता येऊ लागलं. आपल्याकडच्या छोट्या प्रकाशकांना, शाळांना आणि मंडळांना स्वतःचं भारतीय नाव परवडू लागलं ते त्यानंतर.

जोडणीचं एक टोक डोमेनकडे असतं, दुसरं नव्या होस्टिंगवर. तिथे ‘ॲड डोमेन’ करावंच लागतं. ते राहून गेलं तर नोंद अचूक असूनही भलतंच पान उघडतं. सुरुवातीच्या वेबवर हा प्रश्न नव्हता, कारण एका संकेतस्थळाला एक आयपी पत्ता लागे. ब्राउझर सर्व्हरकडे जाऊन फक्त पान मागायचा. कुठल्या नावाने आलो हे सांगतच नसे. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातल्या संवादाच्या नियमांत, जानेवारी १९९७ च्या एचटीटीपी १.१ मध्ये, ‘होस्ट’ ही ओळ सक्तीची झाली आणि एकाच पत्त्यावर शेकडो संकेतस्थळं राहू लागली. स्वस्त सामायिक होस्टिंग त्या एका ओळीवर उभं आहे. सुरक्षित जोडणीचं मात्र अडलं. तिथे सर्व्हरने आपण त्याच नावाचे आहोत हे पटवणारं प्रमाणपत्र आधी दाखवायचं आणि ब्राउझरला कोणतं नाव हवं ते नंतर कळायचं. २००३ मध्ये टीएलएस या सुरक्षित जोडणीच्या पद्धतीला जोडलेल्या एका विस्ताराने नाव आधी सांगायची सोय केली. विंडोज एक्सपीवरचा इंटरनेट एक्सप्लोरर ती सोय कधीच शिकला नाही, म्हणून बरीच वर्षं एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणी, हवी तर वेगळा आयपी विकत घ्यावा लागे. डिसेंबर २०१५ मध्ये लेट्स एन्क्रिप्ट या सेवेने फुकट प्रमाणपत्रं सर्वांना खुली केली आणि प्रमाणपत्राचा खर्च गेला. पण नाव नव्या सर्व्हरकडे वळल्याशिवाय तिथलं प्रमाणपत्र बहुधा मिळत नाही. त्यामुळे हलवल्यानंतर थोडा वेळ ब्राउझर ‘सुरक्षित नाही’ म्हणतो.

ईमेलचं दुखणं याहून जुनं. टपाल कुठे पोहोचवायचं हे सांगणारी एमएक्स नोंद जानेवारी १९८६ पासून वेबपेक्षा स्वतंत्र आहे. नुसती ‘ए’ नोंद बदलली तर टपालाला सहसा धक्का लागत नाही. नेमसर्व्हर बदलले की मात्र सगळ्या नोंदी नव्या जागी कोऱ्या होतात. जुन्या एमएक्स नोंदी उतरवून घेतल्या नसतील तर संकेतस्थळ झकास चालतं आणि पत्रं येणं बंद होतं. कुणाच्या लक्षात येईपर्यंत चार दिवस गेलेले असतात.

आणि आपली लिपी. होस्ट्स फाइलच्या काळात नावात फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि जोडरेघ चालत, तेही २४ चिन्हांपर्यंत. डीएनएसने लांबी वाढवली, अक्षरांची चौकट तीच ठेवली. मार्च २००३ मध्ये पनीकोड ही इतर लिपींतली नावं रोमन अक्षरांत मांडण्याची पद्धत आली. देवनागरी नाव आतमध्ये ‘एक्सएन’ आणि दोन जोडरेघांनी सुरू होणाऱ्या रोमन अक्षरमाळेत बदलतं. ऑगस्ट २०१४ मध्ये ‘.भारत’ खुलं झालं, मराठी आणि कोकणीसह देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या आठ भाषांसाठी. असं डोमेन जोडताना काही होस्टिंगची पॅनेल देवनागरी नाव घेतच नाहीत. तिथे ती रोमन माळच द्यावी लागते.

मराठी माणसाने इथे एक गोष्ट तपासायलाच हवी. डोंगरांमधल्या ‘दऱ्या’ आणि समुद्र म्हणजे ‘दर्या’ हे वेगळे शब्द, आणि त्यातला ‘दऱ्या’ संगणक दोन प्रकारे लिहितो. एका पद्धतीत स्वतंत्र ‘ऱ’ असतो, दुसऱ्या पद्धतीत साध्या ‘र’ला हलंत देऊन मागे एक न दिसणारं जोडचिन्ह असतं. अशा नावांच्या २००३ च्या नियमांत ते अदृश्य चिन्ह गाळलं जाई आणि दऱ्यांचा दर्या होई. २०१० च्या नियमांनी हलंतानंतर त्याला जागा दिली, पण प्रत्येक रजिस्ट्रीने आणि प्रत्येक ब्राउझरने ते स्वीकारावं अशी सक्ती नाही. पडद्यावर दोन्ही पद्धतींनी लिहिलेला ‘दऱ्या’ एकसारखा दिसतो, आतली रोमन माळ वेगळी असते. नव्या होस्टिंगवर नाव भरताना ते पुन्हा टंकू नये. रजिस्ट्रारकडे नोंदलेली ती माळ जशीच्या तशी उचलून तिथे डकवावी.