लिव्ह अँड लायसन्स : ‘भाडेकरू’ हा शब्द करारातून कसा गेला

महाराष्ट्रात आज फ्लॅट भाड्याने देताना जो ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार होतो, त्यात ‘भाडेकरू’ हा शब्द शोधूनही सापडत नाही. मालक असतो लायसन्सर, राहायला येणारा लायसन्सी, आणि दर महिन्याला खात्यात जमा होते ती लायसन्स फी. बोलताना सगळे भाडंच म्हणतात, कागदावर मात्र तो शब्द कटाक्षाने टाळला जातो. या कटाक्षामागे एक भीती आहे आणि तिला नेमकी तारीख आहे : १ फेब्रुवारी १९७३.

त्याआधीचं थोडक्यात. मुंबईत भाड्यांवर सरकारी लगाम आला तो पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये. १९४७ च्या कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली आणि भाडेकरूला घराबाहेर काढणं जवळपास अशक्य केलं. तेव्हाची घरटंचाई पाहता ते गरजेचंच होतं. पण तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढी घेत घेत अर्धशतक टिकला. भाडं गोठलं, दुरुस्तीची जबाबदारी मात्र मालकाकडेच राहिली. चाळीस रुपये भाड्याच्या खोलीचा गिलावा पडला की तो कोण आणि कशातून करणार? शेवटी १९६९ मध्ये उपकर लावून जुन्या इमारतींची दुरुस्ती सरकारलाच अंगावर घ्यावी लागली. ‘उपकरप्राप्त इमारत’ हा शब्द तिथून आला. पागडीबद्दल, म्हणजे जागा देता-घेताना भाड्याशिवाय हातात पडणाऱ्या ठोक रकमेबद्दल, वेगळं सांगायला नको.

छोट्या मालकाने यातून वाट काढली ती १८८२ च्या कायद्यांतून. भाडेपट्टा आणि लायसन्स यांच्या व्याख्या त्या एकाच सालच्या दोन वेगवेगळ्या कायद्यांत आहेत. भाडेपट्ट्याने राहणाऱ्याला त्या जागेत हक्क मिळतो. लायसन्स म्हणजे नुसती परवानगी, दिली नसती तर तिथे असणं बेकायदा ठरलं असतं एवढाच तिचा अर्थ. मग मालक म्हणू लागले, ‘मी घर भाड्याने दिलंच नाही, राहायची मुभा दिली.’ १९५९ मध्ये देशाच्या सर्वोच्च पातळीवर निकाल झाला की कागदाला नाव काय दिलं यावर काही ठरत नाही, दोन्ही पक्षांचा हेतू काय होता ते पाहायचं. आणि जागेचा ताबा फक्त राहणाऱ्याकडेच असेल तर सकृद्दर्शनी तो भाडेकरूच. या निकालाची सावली मसुद्यांवर पडली. ‘जागेचा कायदेशीर ताबा लायसन्सरकडेच राहील, किल्लीचा एक जोड त्याच्याकडे असेल’ हे कलम आजही कित्येक करारांत असतं. प्रत्यक्षात मालक त्या किल्लीला हात लावत नाही, पण कलम काही जात नाही.

मग १९७३ ची दुरुस्ती आली. १ फेब्रुवारीला जे जे चालू लायसन्सवर राहत होते, ते सगळे कायद्याने भाडेकरू ठरले. हा निर्णय आजही वादाचा आहे. बाजारभावाने पैसे मोजून वर्षानुवर्षं राहिलेल्यांना काहीच संरक्षण नसणं चुकीचं होतं, हे मान्य. नाव बदलून कायद्याला बगल देणारे मालकही कमी नव्हते. पण दोन-चार वर्षांची बदली म्हणून विश्वासाने घर देऊन गेलेला नोकरदारही त्याच फटक्यात सापडला, आणि माझ्या मते हिशोब इथेच बिघडला. त्या तारखेनंतरच्या लायसन्सला हे संरक्षण नव्हतं, तरी ‘पुन्हा असंच करतील’ ही धास्ती बसली. दुसरं घर घेतलेले लोक ते कुलूप लावून रिकामं ठेवू लागले. १९८७ मध्ये मुदत संपलेल्या लायसन्सीला बाहेर काढण्यासाठी वेगळी, झटपट पद्धत आली तरी धास्ती पुरती गेली नाही.

१९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की गोठलेली भाडी आता वाजवी राहिलेली नाहीत. पण १९४७ च्या कायद्याची मुदत संपतच आली होती, म्हणून तो रद्द केला नाही. नवा कायदा १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० ला. त्याने जुन्या भाड्यांना वर्षाला ४ टक्के वाढ दिली आणि पागडी कायदेशीर केली. छोट्या मालकाच्या कामाची मात्र त्यातली दोनच कलमं. कलम २४ म्हणतं, मुदत संपली की लायसन्सीने जागा सोडायची, नाहीतर दुप्पट फी भरायची. शिवाय लेखी करारात जे लिहिलंय तोच निर्णायक पुरावा. म्हणजे १९५९ चा ‘नावावर जाऊ नका’ हा धडा या प्रकरणांपुरता उलटा झाला, आता कागदच बोलतो. तो बोलायचा तर नोंदलेला हवा, हे कलम ५५ सांगतं. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर वाद झाल्यावर राहणारा सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, उलट सिद्ध होईपर्यंत. वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

सोसायट्यांची आडकाठी राहिली होती. भाड्याने दिलेल्या घरावर त्या मनाला येईल तेवढे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचे जादा पैसे, लावत. १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाने त्यांना सेवाशुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा घातली.

राहता राहिली ती या करारांची नेहमीची मुदत, अकरा महिने. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं, म्हणून अकरा. महाराष्ट्रात लायसन्स एका महिन्याचं असलं तरी त्याची नोंदणी सक्तीची आहे, त्यामुळे या आकड्याला इथे काहीच कारण उरलेलं नाही. मुद्रांक शुल्क मुदतीतल्या एकूण फीवर आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटच्या १० टक्के मानीव (मिळालं असं धरलेल्या) व्याजावर ०.२५ टक्के. वीस हजार फी, लाखभर डिपॉझिट, अकरा महिने : पावणेसहाशेच्या आसपास. शहरात नोंदणी फी हजार रुपये, मुदत अकरा महिन्यांची असो की साठ. पाच वर्षांत दर अकरा महिन्यांनी नवा करार केला तर हे हजार सहा वेळा जातात. एजंटची दलाली वेगळी. आणि दोन लायसन्सींच्या मधल्या आठवड्यात घरात काय होतं, तर एक हात रंग, नळाचे वायसर, गीझरची कॉइल. बाथरूमची गळती खालच्या मजल्यावर डाग पडेपर्यंत तशीच राहते. अकरा महिन्यांच्या पाहुण्याला तिच्यात रस नसतो आणि मालक ‘हा गेला की बघू’ म्हणत असतो.