हमीपत्राचं हेडिंग बदललं म्हणून ते लर्निंग ॲग्रीमेंट होत नाही

नव्या शैक्षणिक धोरणात (एनईपी) आता पदवीच्या चौथ्या वर्षी 'ऑनर्स विथ रिसर्च' घेता येतं, पहिल्या सहा सेमिस्टरला 75 टक्के हवेत, मग 12 क्रेडिट्सचा प्रोजेक्ट आणि गाईड. इथपर्यंत ठीक. पण 'लर्निंग ॲग्रीमेंट भरून द्या' म्हणून जो कागद पोरांच्या हातात पडतो ते बऱ्याचदा जुनं हमीपत्रच असतं.

हमीपत्र काय, सगळ्यांना पाठ आहे. मी वेळेवर हजर राहीन, मोडतोड झाली तर भरपाई देईन, मार्गदर्शकांचा निर्णय अंतिम राहील, खाली विद्यार्थ्याची आणि पालकाची सही.

खरी गोम अशी की हमीपत्रात शब्द एकटं पोरगं देतं, ॲग्रीमेंटमध्ये गाईडही देतो. आठवड्याला किती वेळ भेटणार, ड्राफ्ट किती दिवसांत तपासून देणार, पोस्टरवर नाव कुठल्या कामासाठी लागणार, सॅम्पलच्या बाटल्यांचे आणि बसभाड्याचे पैसे कोण देणार, हे सगळं त्यात हवं.

आता नाशिकमधला गोदावरीच्या पाण्याचा प्रोजेक्ट घ्या, रामकुंड ते दसक सॅम्पल. पाच दिवसांच्या बीओडीची (पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्या चाचणीची) बाटली मंगळवारी लावली की रीडिंग येतं रविवारी. गंगापूर रोडला राहणारा पोरगा चहा पिऊन लॅबला येतो, सुट्टीला लांब सुरगाण्याला घरी जाणारी पोरगी काय करणार? तोंडी कारभारात ती गप्प बसते आणि सरांच्या लेखी 'तिला इंटरेस्ट नाही'. ॲग्रीमेंट करायला बसलं की हा रविवार आधीच समोर येतो, मग बाटली बुधवारी लावायची, रीडिंग सोमवारी, संपला विषय. ज्याच्या घरी कुणी प्राध्यापक आहे त्याला पेपरवर नाव मागायचं, शिफारसपत्र मागायचं हे जेवता जेवता कळलेलं असतं, घरातल्या पहिल्याच ग्रॅज्युएटला हे मागता येतं हेच माहीत नसतं. म्हणून ते लिहायचं, आणि सगळ्यांसाठी लिहायचं, 'गरजू विद्यार्थ्यांसाठी' वेगळा फॉर्म काढला की त्यांच्यावर शिक्का बसलाच.

'पोरं डोक्यावर बसतील' म्हणणाऱ्या सरांना एवढंच, तुमच्या अपेक्षाही त्यातच येतात की, लॅबची शिस्त, डेटा कुठे ठेवायचा, सगळं.

भाषा मराठी चालेल, एक पान पुरे. सेमिस्टरच्या मध्यावर परत काढून दोघांनी बदल करायचे. आणि दोघांच्या सहीची एक प्रत पोराकडे-पोरीकडे राहिली पाहिजे, ऑफिसच्या फाईलमध्ये नाही.