लोहखनिजे आणि पाण्यातले युरेनियम

पुण्याभोवतीच्या घाटांत रस्त्यासाठी कापलेल्या डोंगरात काळ्या बेसाल्टच्या थरांमध्ये अधूनमधून विटकरी पट्टे दिसतात. त्यांचा तांबडा रंग हेमॅटाइट या लोहखनिजाचा. काळ्या थरातही लोह आहेच, मॅग्नेटाइटच्या जातीचे. नदीच्या वाळूत लोहचुंबक फिरवला की चिकटणारे काळे कण बहुतेक त्याचेच. बेसाल्टमध्ये युरेनियम मुळातच थोडे असते, ग्रॅनाइटपेक्षा खूपच कमी. पण ते जिथे भूजलात उतरते, तिथे त्याचे पुढे काय होईल हे बरेचसे अशाच लोहखनिजांवर अवलंबून असते.

ऑक्सिजन असलेल्या पाण्यात युरेनियम युरेनिल आयनाच्या रूपात असते. त्यातल्या युरेनियमच्या अणूने सहा इलेक्ट्रॉन गमावलेले असतात आणि हे रूप सहज विरघळते. त्याला दोन इलेक्ट्रॉन परत मिळाले, तर त्याचे जवळजवळ न विरघळणारे घन खनिज बनते. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने लिटरला 30 मायक्रोग्रॅमची मर्यादा सुचवली आहे. तिचा आधार किरणोत्सर्गापेक्षा मूत्रपिंडांना होणारी रासायनिक इजा हा आहे.

लोह युरेनियमला दोन तऱ्हांनी अडवते. पहिली तऱ्हा चिकटवून घेण्याची. ताज्या गंजात फेरिहायड्राइट हे लोहखनिज असते. त्याचे कण इतके बारीक, की एका ग्रॅमचा पृष्ठभाग काहीशे चौरस मीटर भरतो. तिथल्या ऑक्सिजन अणूंशी युरेनिल थेट बंध जुळवते. पाणी फार आम्लधर्मी असेल तर हा पृष्ठभाग धनभारित होऊन युरेनिलला दूर लोटतो; सामू (pH) 6 ते 7 च्या आसपास पकड घट्ट असते. मात्र पाण्यात बायकार्बोनेट आणि कॅल्शियम भरपूर असले की युरेनिल त्यांच्याशी जोडी जमवते आणि गंजाला सोडून पाण्याबरोबर निघून जाते. पंजाबच्या नैऋत्य भागातल्या भूजलात युरेनियम वाढण्यामागे तिथले बायकार्बोनेट हे एक महत्त्वाचे कारण मानले जाते. म्हणजे गंज कितीही असो, पाणी कसे आहे हे पाहावेच लागते.

दुसरी तऱ्हा मला जास्त विलक्षण वाटते. मॅग्नेटाइटमधले काही लोह अजून इलेक्ट्रॉन देऊ शकते. ते युरेनिलला इलेक्ट्रॉन देते आणि स्वतः आणखी ऑक्सिडाइज होते, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावते. यात युरेनियम दर वेळी शेवटच्या पायरीपर्यंत पोचतेच असे नाही. एकच इलेक्ट्रॉन मिळालेले मधले रूप पाण्यात क्षणभंगुर, पण लोहखनिजाच्या स्फटिकात अडकले की दीर्घकाळ टिकलेले प्रयोगांत दिसले आहे. भूजलातले काही जीवाणूही युरेनियमला इलेक्ट्रॉन पुरवतात. हे 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. अमेरिकेत युटामधल्या माँटिसेलो इथे 1999 साली भूजलाच्या वाटेत धातुरूप लोहाच्या कणांची भिंतच पुरली गेली. तिने युरेनियम अडवले, पण पुढे तिच्यात कॅल्शियम कार्बोनेट आणि गंज साचून पाणी झिरपणे मंदावले.

घन झालेले युरेनियमही कायमचे बंदिस्त नसते. ऑक्सिजन किंवा शेतीच्या खतांतून झिरपलेले नायट्रेट पोचले की ते पुन्हा ऑक्सिडाइज होऊन विरघळू लागते. म्हणून युरेनियमची शंका असलेल्या भागात बोअरवेलच्या पाण्याची तपासणी करताना नुसते युरेनियम मोजणे मला अपुरे वाटते. बायकार्बोनेट, कॅल्शियम, नायट्रेट आणि सामूही त्याच नमुन्यात मोजायला हवेत. आज मर्यादेत असलेला आकडा पुढच्या उन्हाळ्यात वाढू शकतो का, याचा अंदाज त्यांवरूनच येतो.