जेवताना पाणी प्यायल्याने पाचकरस पातळ होतात का?

दादरच्या खानावळीत ताटाआधी पाण्याचा पेला समोर येतो आणि शेजारचे काका हमखास बजावतात, "जेवताना पाणी पिऊ नका, पाचकरस पातळ होतात, अग्नी विझतो." हा समज घरोघरी आहे, परंतु पाचकरस म्हणजे जेवणापूर्वी मोजून भरून ठेवलेला द्रव नव्हे, ही साधी गोष्ट त्यात निसटते.

पोळीचा घास मिनिटभर चावत राहिले की तो गोडसर लागू लागतो, कारण लाळेतील अमायलेज हे पाचक विकर (एन्झाइम) पिठातील स्टार्च फोडू लागलेले असते. लाळच दिवसाला सुमारे १ ते १.५ लिटर स्रवते, जठररस सुमारे २ लिटर, आणि गंमत म्हणजे या दोहोंत बहुतांश पाणीच असते. पेलाभर पाण्याने जठरातील आम्लता थोडा वेळ उतरते हे खरे. मात्र पाणी घन अन्नापेक्षा लवकर पुढे सरकते, आणि अन्नातील प्रथिने व जठराला बसलेला ताण यांमुळे स्रवणारे गॅस्ट्रिन हे संप्रेरक तेथील ग्रंथींना आम्ल स्रवायला लावतच राहते.

शिवाय पचनाचे मोठे काम लहान आतड्यात होते आणि तेथे तर आम्ल मुद्दाम निष्प्रभ केले जाते: आम्ल आतड्यात पोहोचताच सिक्रेटिन हे संप्रेरक रक्तात उतरते व स्वादुपिंड अल्कधर्मी रस सोडते, हे बेलिस आणि स्टार्लिंग या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी १९०२ मध्ये दाखवून दिले. छातीत जळजळ होणाऱ्यांनी एका वेळी पोट तुडुंब भरू नये, पण त्याचे कारण जठरावरील दाब हे आहे, पातळ झालेले रस नव्हे.