रासेयोचा सेवादिन: नावनोंदणी, परवानग्या, कागदपत्रं आणि तासांचा हिशेब

महाविद्यालयात सेवादिन ठरला की पहिली धावपळ सुरू होते ती बॅनर आणि टी-शर्टची. परवानगीचं पत्र, पालकांचं संमतीपत्र, जागेची पाहणी हे सगळं आदल्या संध्याकाळी आठवतं. मग मुलं गावात पोचतात तेव्हा ग्रामपंचायतीला कुलूप असतं, अवजारं अपुरी असतात, आणि झाडून स्वच्छ केलेला रस्ता पुन्हा झाडून फोटो काढावे लागतात. विद्यार्थ्यांचा उत्साह खरा असतो, म्हणूनच तो असा वाया गेलेला पाहवत नाही. पुढची माहिती राष्ट्रीय सेवा योजनेतून, म्हणजे रासेयोतून, सेवादिन घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि ही जबाबदारी नव्याने अंगावर आलेल्या प्राध्यापकांसाठी आहे.

रासेयो २४ सप्टेंबर १९६९ रोजी, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांच्या हस्ते सुरू झाली. सुरुवातीला ३७ विद्यापीठं आणि सुमारे ४०,००० विद्यार्थी होते. आज योजना केंद्राच्या युवक कार्यक्रम व क्रीडा मंत्रालयाकडे आहे. त्याखाली प्रादेशिक संचालनालय, राज्याचा रासेयो कक्ष, विद्यापीठाचा रासेयो विभाग आणि शेवटी महाविद्यालयाचं एकक अशी उतरंड आहे. विद्यार्थ्याला मात्र यातल्या एकाच माणसाशी काम असतं, ते म्हणजे महाविद्यालयातले कार्यक्रम अधिकारी. ते तुमच्याच महाविद्यालयातले प्राध्यापक असतात. अर्ज त्यांच्याकडे द्यायचा आणि शंका त्यांनाच विचारायच्या.

नाव कोणाला नोंदवता येतं

महाविद्यालयात नियमित प्रवेश घेतलेला कोणताही विद्यार्थी अर्ज करू शकतो. गुणांची, शाखेची किंवा शारीरिक चाचणीची अट नाही. नावं प्रामुख्याने पहिल्या आणि दुसऱ्या वर्षातून घेतली जातात. त्याचं कारण साधं आहे: योजनेचा कालावधी सलग दोन वर्षांचा आहे, आणि शेवटच्या वर्षाला असलेल्याला तो पुरा करता येत नाही. अकरावी-बारावीला रासेयोत काम केलेल्यांना प्राधान्य मिळतं. इथे शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांनाही दार खुलं आहे. एनसीसीच्या छात्रांना मात्र रासेयोत येता येत नाही. दोन्ही अर्ज भरून ठेवून नंतर काय ते बघू म्हणणाऱ्यांची नावं पुढे गळतात आणि तोवर एककातल्या जागा भरलेल्या असतात. त्यामुळे आधीच ठरवा.

अपंग विद्यार्थ्यांना ‘तुला श्रमदान झेपणार नाही’ असं सांगून परत पाठवलं जातं, ते चुकीचं आहे. घरोघरच्या सर्वेक्षणाची आखणी, शासकीय योजनांचे अर्ज भरून देणं, शाळेतल्या मुलांना शिकवणं ही सगळी सेवेचीच कामं आहेत आणि त्यांचे तासही तेवढेच धरले जातात.

एक एकक साधारण १०० स्वयंसेवकांचं असतं. मोठ्या महाविद्यालयांत एकाहून जास्त एककं असतात. अर्ज शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीलाच, प्रवेशाच्या धामधुमीत निघतात आणि नोटीस बोर्डावर फार दिवस राहत नाहीत.

नोंदणीची कागदपत्रं

विद्यापीठागणिक नमुना थोडा बदलतो, पण सहसा लागतं ते एवढं: भरलेला नोंदणी अर्ज, पासपोर्ट आकाराचे फोटो, प्रवेशाची पावती किंवा ओळखपत्राची प्रत, आधारची प्रत, आणि पालकांच्या सहीचं संमतीपत्र. बऱ्याच ठिकाणी आता ‘मेरा युवा भारत’ म्हणजे माय भारत या पोर्टलवरही नोंदणी करून घेतात. तिथे तुमचा स्वतःचा, चालू असलेला मोबाइल क्रमांक द्या, मित्राचा नको. आणि नाव गुणपत्रिकेवर आहे तसंच, त्याच क्रमाने लिहा. दोन वर्षांनी मिळणारं प्रमाणपत्र याच नावाने निघतं. आडनावातला एक वेलांटीचा फरक दुरुस्त करायला नंतर विद्यापीठात खेटे घालावे लागतात.

अर्जात रक्तगट आणि तातडीच्या संपर्काचा रकाना असतो. बरेच जण तो रिकामा सोडतात. दमा, फिट्स, ॲलर्जी, मधुमेह असं काही असेल तर ते तिथेच लिहा. त्यामुळे कोणाला नकार मिळत नाही, उलट उन्हात काम करताना तुमच्यावर कोणाचं तरी लक्ष राहतं.

१२० तास कसे मोजतात

स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम करायचं असतं. शिवाय दोन वर्षांत एकदा सात दिवसांचं विशेष शिबिर, जे बहुतेक महाविद्यालयं हिवाळ्यात दत्तक गावात, म्हणजे एककाने आपल्या कामासाठी निवडलेल्या गावात, घेतात. १२० तासांतले २० तास उद्बोधनाचे, म्हणजे योजनेची आणि कामाची ओळख करून देण्याचे असतात आणि ३० तास महाविद्यालयाच्या आवारातल्या कामाचे. उरलेले ७० तास दत्तक गावात किंवा वस्तीत, लोकांमध्ये जाऊन करायचे असतात.

या ७० तासांकडे नीट पाहा. एका सेवादिनात प्रत्यक्ष काम सहा तास झालं असं धरलं, तरी वर्षाला बारा सेवादिन लागतात. २ ऑक्टोबरची स्वच्छता, पावसाळ्यातलं वृक्षारोपण आणि एक रक्तदान शिबिर एवढ्यावर हा आकडा गाठता येत नाही. आवार झाडून तो भरून काढण्याची पद्धत काही ठिकाणी रूढ झाली आहे, पण आवारातल्या कामाची मर्यादा तीसच तासांची. म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच तारखांचं वेळापत्रक करा: परीक्षा सोडून, आणि गाव असेल तर पेरणी-काढणीचे दिवस आणि आठवडी बाजाराचा वार सोडून.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमात रासेयो हा सहअभ्यासक्रम विषय म्हणून श्रेयांकांसाठीही (क्रेडिट्ससाठी) निवडता येतो. त्याचे तास आणि मूल्यमापन तुमच्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात दिलेलं असतं. श्रेयांक मिळाले म्हणजे दोन वर्षांचं प्रमाणपत्र मिळालंच असं गृहीत धरू नका.

सेवादिनाचा प्रस्ताव

प्रस्ताव विद्यार्थीही मांडू शकतात, गटप्रमुखामार्फत. पण रासेयोच्या नावाने बाहेर जाणारं प्रत्येक पत्र कार्यक्रम अधिकारी आणि प्राचार्यांच्या सहीनेच जातं. महाविद्यालयात रासेयोची सल्लागार समिती असते. प्राचार्य तिचे अध्यक्ष असतात, आणि प्राध्यापकांबरोबर विद्यार्थी प्रतिनिधी आणि दत्तक गावातली किंवा वस्तीतली व्यक्तीही तिच्यावर असते. ही शेवटची जागा रिकामी ठेवू नका, कारण गावाला काय हवं आहे हे सांगणारं समितीत दुसरं कोणी नसतं.

प्रस्तावाच्याही आधी एक पायरी आहे, आणि माझ्या मते सगळ्या प्रक्रियेत तीच मोलाची आहे: पाहणी. दोन-तीन स्वयंसेवकांनी आणि कार्यक्रम अधिकाऱ्यांनी आधी जागेवर जाऊन लोकांना विचारायचं. आपण ठरवून गेलेलं काम आणि लोकांना हवं असलेलं काम यांत बऱ्याचदा फार अंतर निघतं. तुम्ही भिंती रंगवायचं मनात धरून जाता आणि अंगणवाडी सेविका सांगते की आवारातला उकिरडा हलवून द्या. तुम्ही व्यसनमुक्तीवर पथनाट्य बसवता आणि वस्तीतल्या बायकांना निराधार योजनेचा अर्ज भरून देणारं कोणीतरी हवं असतं. ज्यांच्या दारात जायचं त्यांचं म्हणणं प्रस्तावाच्या पहिल्या परिच्छेदात आलं पाहिजे. ते नसेल तर प्राचार्यांनी प्रस्ताव परत पाठवावा, असं मला अगदी मनापासून वाटतं.

पाहणीत आणखी तीन गोष्टी बघून या: पिण्याचं पाणी, मुलींना वापरता येईल असं स्वच्छतागृह, आणि जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किती अंतरावर आहे. स्वच्छतागृह नसेल तर जागा बदला. मुलींनी दिवसभर पाणी न पिता काम करणं हा सेवेचा भाग असू शकत नाही.

कोणाची परवानगी

हे जागेवर आणि कामावर ठरतं. गावात ग्रामपंचायत, शहरात महापालिकेचं प्रभाग कार्यालय किंवा नगरपरिषद. शाळेत मुख्याध्यापक. वनजमिनीवर रोपं लावायची असतील तर वनपरिक्षेत्र अधिकारी, आणि तिथे कोणती रोपं लावायची हेही त्यांनाच विचारायचं. रस्त्यावरून जनजागृती फेरी काढायची असेल तर पोलीस ठाण्यात मार्गासह अर्ज द्यावा लागतो. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी मागावी लागते.

रक्तदान शिबिर महाविद्यालय स्वतः घेऊ शकत नाही. रक्त गोळा करण्याचा अधिकार परवानाधारक रक्तकेंद्रालाच असतो, त्यामुळे आधी रक्तकेंद्राचं लेखी संमतीपत्र घ्या. त्यांच्याकडे बाहेर शिबिर घेण्याची मान्यता आहे ना, हेही पाहा. दात्याचं वय १८ ते ६५ वर्षं, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ हवं. दोन रक्तदानांत पुरुषांना ९० आणि स्त्रियांना १२० दिवसांचं अंतर ठेवावं लागतं. पहिल्या वर्षाच्या वर्गात १८ पूर्ण न झालेले बरेच असतात. त्यांना नोंदणीच्या टेबलावर, चहापाण्याच्या व्यवस्थेवर ठेवा. आकडा वाढवण्यासाठी कोणालाही आग्रह करू नका.

बालगृहात जाणार असाल तर अधीक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय जाऊ नका आणि मुलांचे फोटो काढू नका. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा मुलांची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. स्टेटसवर टाकलेला एक सेल्फीही त्यात येऊ शकतो.

ग्रामपंचायतीला द्यायचं पत्र लांबलचक नसावं. असं चालेल:

*प्रति, मा. सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी. विषय: रासेयो सेवादिनासाठी परवानगी व सहकार्य मिळणेबाबत. महोदय, आमच्या महाविद्यालयाच्या रासेयो एककाचे ___ स्वयंसेवक दि. ___ रोजी सकाळी ___ ते दुपारी ___ या वेळेत आपल्या गावात ___ हे काम करू इच्छितात. दि. ___ च्या पाहणीत ग्रामस्थांशी बोलून हे काम निश्चित केले आहे. सोबत ___ शिक्षक असतील. अवजारे व प्रथमोपचार पेटी आम्ही आणू. पिण्याचे पाणी व ___ साठी आपले सहकार्य मिळावे. कामानंतर देखभालीची जबाबदारी कोणाकडे राहील हे कृपया कळवावे.*

शेवटचं वाक्य गाळू नका. रोपं लावून आलात आणि उन्हाळ्यात पाणी कोण घालणार हे ठरलंच नसेल, तर पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यांत पुन्हा रोपं लावावी लागतात. पत्राच्या दोन प्रती न्या आणि एकीवर आवक क्रमांक व शिक्का घेऊन या. ती पोच पुढे अहवालाला जोडायची असते.

सुरक्षितता

मुलांना गटारात, सेप्टिक टँकमध्ये किंवा मॅनहोलमध्ये उतरवायचं नाही. हाताने मैला साफ करून घेण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे आणि ‘स्वेच्छेने’ या शब्दाने ती सुटत नाही. नदी-तलावाच्या स्वच्छतेत काठावरच काम करायचं, पोहता येणाऱ्यांनीही पाण्यात उतरायचं नाही. कचऱ्यात सुया, सलाइनच्या नळ्या, रक्ताळलेले कापसाचे बोळे दिसले तर हात लावू नका. तो जैववैद्यकीय कचरा असतो, स्थानिक आरोग्य विभागाला कळवा. हातमोजे, मास्क, बूट आणि प्रथमोपचार पेटी यांची सोय कामाच्या आदल्या आठवड्यातच झालेली असावी. मुली असतील तर सोबत शिक्षिका असणं मी अनिवार्यच मानतो.

बाहेरगावी जाताना त्या दिवसाचं वेगळं संमतीपत्र घ्या. वर्षाच्या सुरुवातीला घेतलेलं एकच पत्र सगळ्या दिवसांना पुरतं असं समजू नका. त्यात ठिकाण, जाण्या-येण्याची वेळ, वाहन आणि सोबतच्या शिक्षकांचा क्रमांक हवा.

त्या दिवशी, आणि नंतर

हजेरी दोनदा घ्या, आल्यावर आणि निघताना. एकाच सहीवर सहा तास लावले की दुपारी गुपचूप गेलेल्यालाही तेवढेच तास मिळतात, आणि शेवटपर्यंत फावडं धरून उभ्या राहिलेल्या मुलावर अन्याय होतो. एककात नाव नसलेले मित्र सेवादिनाला आले तर त्यांचं स्वागतच आहे, पण त्यांचे तास धरले जात नाहीत, हे त्यांना आधीच सांगा.

प्रत्येक स्वयंसेवकाकडे कार्यडायरी असते. तारीख, ठिकाण, काम, तास आणि कार्यक्रम अधिकाऱ्यांची सही त्याच आठवड्यात घ्या. वर्षअखेरीला आठवून भरलेली डायरी तपासणाऱ्याला लगेच ओळखू येते. एककाच्या बाजूने लागतात ते हजेरीपत्रक, परवानगीची पोच, फोटो, खर्चाच्या पावत्या आणि एक-दोन पानांचा अहवाल. अहवालात काय ठरलं होतं आणि काय झालं हे दोन्ही लिहा. काम अर्धवट राहिलं असेल तर तसंच लिहा, म्हणजे पुढचा गट तिथूनच सुरुवात करेल. जेवण, प्रवास, अवजारं यांची पावती त्याच दिवशी, महाविद्यालयाच्या नावाने घ्या. अनुदानाचं उपयोगिता प्रमाणपत्र या पावत्यांवरच अवलंबून असतं.

दोन वर्षांचे तास आणि विशेष शिबिर पूर्ण झालं की कार्यक्रम अधिकारी यादी विद्यापीठाकडे पाठवतात आणि तिथून प्रमाणपत्र येतं. अनेक विद्यापीठांत रासेयोच्या स्वयंसेवकांसाठी प्रोत्साहनपर गुणांचीही तरतूद आहे, पण त्याचा प्रस्ताव निकालाआधी, ठरलेल्या मुदतीत जावा लागतो. यादीत आपलं नाव आहे का, ते परीक्षा फॉर्म भरतानाच विचारून घ्या. पहिल्या वर्षानंतर महाविद्यालय बदलणार असाल, तर महाविद्यालय सोडल्याच्या दाखल्याबरोबरच जुन्या कार्यक्रम अधिकाऱ्यांकडून झालेल्या तासांचं लेखी पत्र आणि सही केलेली डायरी मागून घ्या आणि नव्या महाविद्यालयात नोंदणी अर्जाला जोडा.