'बदली'पासून 'ब्रेक'पर्यंत

चाकण, रांजणगाव किंवा भोसरीच्या एखाद्या मोठ्या कारखान्यात काम केलेल्या तरुणाशी बोलताना पगाराच्या आधी अनेकदा 'ब्रेक' हा शब्द येतो. सहा-सात महिने भरले की हिशेब हातात देऊन घरी पाठवायचे आणि काही दिवसांनी, कधी दुसऱ्याच ठेकेदाराच्या नावावर, पुन्हा त्याच लाइनवर उभे करायचे, असा हा प्रकार आहे. १९९१ नंतरच्या उदारीकरणावर त्याचे खापर फोडण्याची आपल्याला सवय झाली आहे. वास्तविक हा साचा गिरणगावात घडला.

मुंबईत कावसजी दावर यांची पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढे गिरण्या वाढल्या, कोकणातून आणि घाटावरून माणसे आली. पण कोणाला कामावर घ्यायचे हे मालक नव्हे, तर खात्यातला जॉबर, म्हणजे मुकादम, ठरवत असे. सकाळी भोंगा होण्याच्या सुमारास फाटकाशी बिनकामाची माणसे जमत, त्या दिवशी किती जण गैरहजर आहेत ते पाहून जॉबर त्यांच्यातले मोजके आत घेई आणि या मेहेरबानीची दस्तुरी पगार झाला की वसूल करी. दुसऱ्याच्या जागी आलेला म्हणून हा 'बदली' कामगार. कायम कामगाराला लावणीसाठी किंवा गणपतीला गावी जाता येई ते याच बदलीच्या जोरावर, म्हणजे एकाची रजा ही दुसऱ्याची रोजी होती.

जॉबरच्या मनमानीला आवर घालण्यासाठी मुंबई गिरणी मालक संघाने १९३५ मध्ये बदली नियंत्रण योजना आणली. महिन्याच्या पहिल्या तारखेला निवडक लोकांना कार्ड मिळे, त्यांनी रोज सकाळी गिरणीवर हजर व्हायचे आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरल्या जायच्या. जॉबरचे वजन त्यामुळे कमी झाले. बदली मात्र बदलीच राहिला, फक्त आता त्याच्या खिशात कार्ड आले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हाच्या मागण्यांतली पगारवाढ आज सर्वांना आठवते, पण बदलींना कायम करण्याची मागणीही त्यांत होती.

तोवर कायद्याने या प्रश्नात हात घातला होता. बारा महिन्यांत २४० दिवस सलग सेवा केलेल्या बदली किंवा तात्पुरत्या कामगाराला कायम करावे, अशी तरतूद महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्यांतल्या सेवाशर्तींच्या नमुना नियमांत, आली. कायमपणाचे लाभ टाळण्यासाठी माणसाला वर्षानुवर्षे बदली किंवा तात्पुरते ठेवणे ही अनुचित कामगार प्रथा आहे, असे राज्याच्या १९७१ च्या कायद्याने स्पष्ट सांगितले. या तरतुदी कामगाराच्या बाजूच्या होत्या, यात शंका नाही. परंतु २४० हा आकडा कामगाराइतकाच कारखान्याच्या कार्यालयालाही पाठ झाला आणि तो गाठण्याआधीच ब्रेक पडू लागला.

दुसरी वाट ठेकेदाराची. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने ही पद्धत नियमनाखाली आणली आणि सरकारला ती ठरावीक कामांपुरती बंद करण्याचा अधिकार दिला. मात्र कंत्राटी पद्धत बंद केली म्हणून त्या कामगारांना आपोआप मूळ कंपनीत सामावून घ्यावे लागत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये 'स्टील ऑथॉरिटी' या सरकारी पोलाद कंपनीच्या खटल्यात दिला. आज कित्येक ठिकाणी एकाच यंत्रावर शेजारी शेजारी राबणाऱ्या दोघांच्या गणवेशाचा रंग किंवा ओळखपत्राची दोरी वेगळी असते, आणि पगारपत्रकावरचा आकडा तर असतोच. गावाकडे स्थळ पाहणाऱ्यांना हा भेद नीट कळतो. "मुलगा कंपनीत आहे" एवढ्यावर भागत नाही, परमनंट आहे का, हे लगेच विचारले जाते.

मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने नियमांत दुरुस्ती करून निश्चित मुदतीची नोकरी सर्व उद्योगांना खुली केली. तीत कायम कामगाराइतके वेतन आणि सवलती देण्याचे बंधन आहे, ही जमेची बाजू. मुदत संपली की नोकरीही आपोआप संपते, त्यामुळे अशा नोकरीत ब्रेक देण्याचीही गरज उरत नाही.